आधी राख काढ

"अरे, आधी राख काढ की," आई म्हणाली.

सकाळपासून पेलेट स्मोकर (लाकडाच्या गोळ्या जाळून धुरावर अन्न शिजवायचं यंत्र) पेटत नव्हता. पंखा फिरतोय, ऑगरचा फिरता स्क्रू लाकडाच्या गोळ्या पुढे ढकलतोय, पण धुराचा पत्ता नाही. ह्यूस्टनच्या त्या चिकट उकाड्यात मी मल्टिमीटर घेऊन बसलेलो. पेटवणारी कांडी, म्हणजे हॉट रॉड, जळली असणार हे मनात पक्कं झालं होतं. नवी मागवणारच होतो.

आईने फायर पॉटमध्ये, म्हणजे गोळ्या जळतात त्या भांड्यात, डोकावून पाहिलं. कांडीचं टोक राखेत बुडालेलं, हवेची भोकं बुजलेली. मग तिने हॉपरमधली, म्हणजे गोळ्या भरायच्या टाकीतली, एक गोळी उचलून बोटांत दाबली. चांगली गोळी कट्‌कन मोडते. हिचा भुसा झाला.

"सर्दावलीय ही. पावसाळ्यात जळण असंच व्हायचं."

प्लग काढला. राख आणि साचलेल्या गोळ्या उपसल्या, हॉपर रिकामा करून कोरडी पिशवी ओतली. पुन्हा चालू केल्यावर काही मिनिटांतच पांढरा धूर, मग आच.

आईने हे यंत्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. कराडच्या घरात चूल होती तेव्हा ती रोज पहाटे काय काय करायची, हे मी तिला आजवर कधी विचारलंच कसं नाही?