पोळपाटाजवळची कृपा
सकाळी कणीक तिंबताना धाकटी पायांना बिलगून रडत असते, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि बायबल उघडून बसण्याची सवड मिळत नाही. अशा वेळी प्रभूने आपला प्रेषित पौल याला दिलेले उत्तर, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ (२ करिंथ १२:९), मी मोठ्याने म्हणते. १७व्या शतकात पॅरिसच्या मठातील स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या गोंगाटातही देवाच्या सान्निध्यात राहत, याचा मला फार आधार वाटतो. आमच्या नाशिकच्या शरणपुरात, ख्रिस्ती मिशनच्या वसाहतीत, १९व्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले वाढली. त्यांनाही रोज कोणीतरी रांधून वाढले असेलच, आणि माझ्या मते ती सेवा उपदेशाहून तसूभरही कमी नव्हती. म्हणून डबे भरताना मी प्रत्येक लेकराचे नाव घेऊन प्रार्थना करते.