माझा अनुभव: ओझरचं मिग-२१, १/४८ स्केलमध्ये

मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल झालं एकदाचं पूर्ण. १/४८ स्केल, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, उघड्या धातूचा फिनिश, कुठे डाग नाही, धूर नाही, कारखान्यातून आत्ताच बाहेर ओढत आणलंय असं. बघायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने विचारलं की वेदरिंग का नाही केलंस, तेलाचे ओघळ, उडालेला रंग वगैरे, म्हणून म्हटलं सगळंच एकदा नीट लिहून काढू.

आम्ही नाशिकचे. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ ला आला तो मिग-२१ साठीच. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती, सुरुवातीला रशियातून सुटे भाग यायचे आणि इथे जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून इथेच बनायला लागलं. आमच्या शेजारचे काका तिथे शीट मेटलला होते. ते एफएल कधी म्हणतच नाहीत, हवाई दलात त्याला टाइप ७७ म्हणायचे म्हणून ते अजूनही "सेव्हंटी सेव्हन" म्हणतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा टीव्हीवर सगळे पायलट लोकांबद्दल बोलत होते, ते बोलायलाच पाहिजे, पण मला सारखं वाटत होतं की ज्यांनी हे विमान पत्रा पत्रा जोडून उभं केलं त्यांनी ते कसं पाहिलं असेल? त्यांच्या हातातून जाताना ते नवं कोरं होतं. मग ठरवलं की कपाटातलं किट काढायचं आणि विमान तसंच करायचं, नवं.

किट एडुआर्डचं, चेक कंपनी आहे, मिग-२१ च्या पीएफ या मॉडेलचं. आपलं एफएल त्या पीएफवरूनच निघालेलं. पण शेपटीचा उभा पंख रुंद हवा, ब्रेक पॅराशूटचा डबा त्याच्या बुडाशी हवा, आणि कॅनॉपी, म्हणजे पायलटवरचं काचेचं झाकण, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली हवी, नंतरच्या मॉडेलसारखी बाजूला उघडणारी नाही. हे सगळं जुन्या फोटोंवरून तपासत बसण्यात खूप रात्री गेल्या आणि खरं सांगतो त्या रात्री मला सगळ्यात जास्त आवडल्या. तोफेचा पॉड लावायचा का हाही प्रश्न होता. एफएलमध्ये आत तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ नावाचा पॉड लावायचे, १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर आपल्या मिगने पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं ते याच तोफेने. पण त्या लढाईत बऱ्याच एफएलवर घाईघाईत हिरवा रंग मारलेला होता आणि मला तर धातू दाखवायचा होता, म्हणून पॉड नाही लावला.

खरं विमान पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, ४८ ने भागलं की जेमतेम १५ सेंटिमीटर. आणि त्यात कॉकपिट म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं. सोव्हिएत कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग आधी, मग डायलचे काळे पॅनल, मग शून्य नंबरच्या ब्रशने एकेक बटण. भिंगाचा दिवा लावून करायचं, डोळे दुखले की उठायचं, उद्या परत.

जोडणीबद्दल फार नाही सांगत. स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, भांड्यांच्या साबणाने धुतले, कारण साच्याचं तेल राहिलं की रंग धरत नाही. भाग निपरने तोडले, एक्स्ट्रा थिन सिमेंट, म्हणजे पाण्यासारखा पातळ गोंद, ब्रशने सांध्याला नुसतं टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं आणि प्लास्टिक वितळून एकजीव होतं. नाकाच्या आत मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं भरली, म्हणजे विमान शेपटीवर बसणार नाही.

खरा वेळ गेला तो पॉलिशिंगमध्ये. हिरवा, करडा रंग असला की बारीकसारीक ओरखडे झाकले जातात, चंदेरी रंग मात्र काही म्हणजे काही झाकत नाही, उलट दुप्पट करून दाखवतो. विमानाचे दोन अर्धे जिथे जुळतात ती रेघ पुट्टीने भरायची, घासायची, प्रायमर मारून तिरप्या उजेडात बघायचं, दिसली की परत. पॉलिश पेपर ४०० वरून ८००, १५००, मग ३००० पर्यंत, सगळं पाण्यात भिजवून. घासताना पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेघा, बुजतात त्या सुईने परत कोरायच्या. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, मला ऑफिसच्या दिवसानंतर यासारखं काही नाही, बोटांना कळतं कुठे उंचवटा आहे ते, डोळ्यांच्या आधी.

मग थांबलो. पावसाळ्यात लॅकर (धातूच्या शेडचा फवारायचा रंग) मारायचाच नाही, हवेतली आर्द्रता रंगात अडकते आणि वर दुधाळ पांढुरका थर येतो. नाशिकचा पाऊस संपून थंडी लागेपर्यंत विमान प्रायमर मारून डब्यात बंद.

डिसेंबरात आधी चकचकीत काळा बेस मारला, आरशासारखा झाला पाहिजे, कारण वरच्या धातूची चमक त्या काळ्यावर ठरते. मग अल्क्लॅड कंपनीचा ॲल्युमिनियम लॅकर, एअरब्रशला ०.३ चा नोझल, हवेचा दाब साधारण १५ पीएसआय, अगदी पातळ थर. प्रत्येक शेड आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघायची, मगच विमानाला हात लावायचा. इथे काकांना बोलावलं. म्हटलं, "काका, तुम्हीच सांगा, असाच दिसायचा का?" त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय रे, पण सगळा पत्रा एकसारखा कसा दिसेल? एक तुकडा उभा कापलेला, एक आडवा. उजेड प्रत्येकावर वेगळा पडतो बघ." हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. मग टेप लावून एकेक पॅनल झाकून काही थोडे गडद, काही फिकट, फरक इतकाच ठेवला की विमान हातात फिरवल्यावर दिसावा. शेपटीकडे एंजिनच्या नळीजवळ स्टीलची शेड. नाकातला कोन आणि शेपटीचं टोक हिरवं, कारण तिथे धातू नसतो, आत रडार आणि अँटेना. चाकांच्या मधल्या तबकड्यासुद्धा हिरव्या, हे फार जण विसरतात.

डिकल, म्हणजे केशरी-पांढरा-हिरवा गोल आणि नंबर, मायक्रो सेट नावाचं द्रव लावून बसवले, वरून मायक्रो सोल हे दुसरं द्रव, त्याने डिकल मऊ होऊन पॅनल लाइनमध्ये उतरतं. कॅनॉपीला सुपर ग्लू नाही वापरायचा, वाफेने काच धुरकट होते, साधा पांढरा फेव्हिकॉल बास. पॅनल लाइनमध्ये करड्या ऑइल पेंटचं अगदी पातळ पाणी सोडलं आणि तिथेच थांबलो. वेदरिंग छान दिसतं, मान्य, पण आजकाल प्रत्येक विमान भंगारातून काढल्यासारखं करायची पद्धत झालीय ती मला पटत नाही. ग्राउंड क्रू विमान पुसतात, जपतात. आणि हे तर ओझरच्या दारातच उभं आहे.

काकांनी तयार झाल्यावर आधी उलटं करून चाकांच्या खोबणी बघितल्या, मग पंखाच्या बुडाशी बोट ठेवून कुठला जोड त्यांच्या सेक्शनचा ते सांगितलं. तो आता माझ्या वहीत लिहून ठेवलाय. पुढचं मिग-२१ बिस, म्हणजे नंतरचं मॉडेल, करणार, तेही ओझरचंच.

कुणाला सुरुवात करायची असेल तर १/७२ चं साधं विमान घ्या, रंगीत कॅमोफ्लाज असलेलं, ब्रशने रंगवा, एअरब्रश आणि कॉम्प्रेसरचा खर्च नंतर. उघड्या धातूचं पहिलंच घेऊ नका. आणि लॅकर मारताना खिडकी उघडी आणि फिल्टरवाला मास्क तोंडावर, कापडी मास्क चालत नाही.