खरी धूळ पंख्यावर नव्हतीच

"आई, तुझा कॉम्प्युटर आता उडणार," असं मुलगा म्हणाला तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. आवाज मलाही ऐकू येत होता. एक्सेलची साधी फाइल उघडली तरी आतला पंखा घरघरत चढायचा आणि बराच वेळ उतरायचाच नाही. मग एका संध्याकाळी काम चालू असतानाच स्क्रीन काळा झाला. थोड्या वेळाने सुरू करून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, पाहिलं, तर काहीही काम चालू नसताना प्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप) ८१ अंश सेल्सिअसवर. शंभरच्या आसपास गेला की बरेच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात, आणि तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद करतात. माझं कशाने बंद पडलं ते कळलं.

पहिला विचार व्हॅक्यूम क्लिनरचा. हात त्याच्याकडे गेलाही होता. पण वेगाने ओढली जाणारी हवा आणि धूळ नळीच्या प्लास्टिकच्या तोंडावर घासत राहतात आणि तिथे स्थिर वीज साठते. ती मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, उतरली तर कळतही नाही. बोटाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. नाजूक चिप त्याच्या कितीतरी आधी, काही तर १०० व्होल्टच्याही आत, बिघडू शकतात. त्यामुळे व्हॅक्यूम परत कोपऱ्यात. तोंडाने फुंकर मारायचा मोहही आवरला, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात.

शेवटी जमवलं ते इतकंच: दाबलेल्या हवेचा डबा, मऊ केसांचा नवा कोरा रंगाचा ब्रश, स्क्रूड्रायव्हर आणि नाकाला मास्क. मास्क घ्याच. मी पहिली पाच मिनिटं घेतला नव्हता आणि रात्रभर शिंकले.

कॉम्प्युटर बंद केला, मागचं एसएमपीएसचं (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद केलं, केबल भिंतीतून काढली. मग समोरचं पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मागच्या सगळ्या वायरींचा फोटो काढला आणि कॅबिनेट उचलून बाल्कनीत नेलं. झाकण उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावला, आणि मधे मधे लावत राहिले, म्हणजे अंगातली वीज तिथेच उतरते.

आतलं दृश्य पाहून आधी बरंच वाटलं. तळाशी राखाडी थर, कोपऱ्यात जळमटं, पंख्याच्या पात्यांच्या कडांना मिशा फुटल्यासारखी धूळ. इतकंच ना, म्हटलं. ब्रशने पाती झाडली, डब्यातल्या हवेचे छोटे छोटे झोत मारले. डबा उभाच धरायचा. आडवा-उलटा केला की आतलं थंडगार द्रव बाहेर फवारतं. आणि झोत मारताना पंख्याला बोटाने धरून ठेवायचं. नाहीतर तो मर्यादेबाहेर गरगरतो, त्याची बेअरिंग खराब होते, आणि फिरता पंखा उलट वीज तयार करून बोर्डात ढकलू शकतो.

सगळं चकचकीत झालं. जोडलं, सुरू केलं, बायॉस पाहिलं. ७९.

दोन अंशांसाठी एवढा घाम गाळला म्हणून जाम वैतागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं आणि या वेळी टॉर्च घेऊन प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमधून खाली पाहिलं. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या, तिथे करडं कापड अंथरल्यासारखं दिसत होतं. पंखा हवा खाली ढकलतो आणि ती हवा पट्ट्यांच्या फटींत शिरताना धूळ तोंडाशीच सोडते. वरून मारलेल्या झोताने मी तो थर आणखी दाबून बसवला होता.

माझ्या प्रोसेसरच्या कूलरचा पंखा चार स्क्रूंनी हीटसिंकवर बसवलेला, म्हणून हीटसिंक न हलवता पंखा तेवढा काढता आला. हे महत्त्वाचं, कारण हीटसिंक उचललं की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधला थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा) थर तुटतो. जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. पंखा बाजूला केला आणि नखाने थराची एक कड उचलली. अख्खा तुकडा गोधडीसारखा सलग निघून आला! चौकोनी, बोटभर लांब, खालच्या बाजूला पट्ट्यांच्या रेघा उमटलेल्या. मुलाला हाक मारून दाखवला. उरलेली धूळ बाजूने झोत मारून बाहेर काढली.

एसएमपीएसला मात्र बाहेरच्या जाळीतून हवा मारण्यापलीकडे हात लावला नाही. त्याच्या आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, प्लग काढल्यावरही धोकादायक चार्ज धरून ठेवू शकतात. ते झाकण उघडणं घरच्या माणसाचं काम नाही.

जोडून सुरू केलं तर स्क्रीनवर ‘सीपीयू फॅन एरर’, म्हणजे प्रोसेसरच्या पंख्यात गडबड. छातीत धस्स झालं. लगेच बंद केलं, केबल काढली, झाकण उघडलं. पंख्याची चार तारांची पिन बोर्डावर लावायचीच राहिली होती, मोकळी लोंबत होती. मागच्या वायरींचा फोटो काढला होता, आतल्यांचा नाही! पिनेला खाच असते, एकाच बाजूने बसते, म्हणून निभावलं.

आता बायॉसमध्ये ४६ दिसतंय. कॅबिनेटच्या मागचा पंखा अजून कुरकुरतो, पण तो धुळीने नाही. बोटाने फिरवला तरी खरखर जाणवते, म्हणजे बेअरिंगच गेली आहे. तो बदलायचा आहे, आणि त्या वेळी आतल्या वायरींचे फोटोही काढेन.