चार वेळा

मिरजेत मी फिजिओथेरपिस्ट आहे. ७६ वर्षांचे निवृत्त पोस्टमन काका माझ्याकडे आले ते मनगटासाठी. रात्री लघवीला उठले, न्हाणीच्या दारात पडले. प्लास्टर नुकतंच निघालेलं. माझं काम खरं तर मनगटापुरतं. पण पडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवून बघितल्याशिवाय मी सोडत नाही.

दोन्ही हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा उभं राहता येतं ते मोजायचं. या वयाच्या पुरुषाला ११ तरी जमायला हवं. पाचव्या वेळी काकांचे हात आपोआप मांडीवर टेकले, त्यांना कळलंही नाही. हात टेकले की चाचणी तिथंच थांबते. चार! जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेला माणूस.

"डोळ्याला डोळा लागत नाही बघा," काका म्हणाले. त्यासाठी रोज गोळी. मागून सूनबाई म्हणाल्या, "दुपारी एक ते चार घोरतात की!" आणि रात्री आठला आडवे, दोनला टक्क जागे. मी कागदावर बेरीज मांडली: तीन आणि सहा, नऊ तास. बिनतिकिटाचं नॉटपेड पाकीट हाती आल्यासारखे ते कागदाकडे बघत राहिले.

झोपेच्या गोळीनं उतारवयात तोल जातो, पण ती एकदम तोडायचीही नसते. डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी गोळी टप्प्याटप्प्यानं उतरवली. मी सांगितलं: दुपारी गजर लावून अर्धा तास, रात्री दहाआधी पलंग नाही, रोज खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. सगळं कबूल, फक्त सकाळचं चालणं सोडून.

"उगाच कुठं हिंडू?"

"टपाल वाटायचं जुनं बीट करा."

ही मात्रा लागू पडली. ब्राह्मणपुरीतून सतारी करणाऱ्यांच्या गल्लीपर्यंत, ओळखीच्या दारांवर थांबत. दोन महिन्यांनी नऊ वेळा उठले, हात न टेकता. रात्री एकदा जाग येते अजून, ते प्रोस्टेटचं.

"मग वर्षं किती वाढली?" त्यांनी विचारलं. झपझप चालणारे ज्येष्ठ सरासरीनं जास्त जगतात, हे ३४ हजारांवर लोकांच्या नोंदींवरून २०११ मध्ये मांडलं गेलंय. पण चालल्यानं आयुष्य वाढतं की मुळात तब्येत चांगली म्हणून पाय चालतात, ते त्यातून ठरत नाही. मी तसंच सांगितलं.

"म्हणजे पोचपावती नाही," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले.