तुम्ही विचारलंत म्हणून... परदेशातली पहिली सायकल टूर कशी ठरवायची

"बाई, परदेशात सायकलवर जायचं तर रोज किती किलोमीटर जमायला हवेत?" मागच्या मे महिन्यात मी आणि माझी धाकटी जाऊ जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर जाऊन आलो, तेव्हापासून हा प्रश्न मला बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विचारला जातो. आम्ही दोघी पन्नाशीच्या आसपासच्या, गुहागरच्या, मी शाळेत शिकवते आणि ती घरचं खानावळीचं बघते. दरवेळी घाईत काहीतरी अर्धवट सांगून होतं, म्हणून आज नीट बसून लिहिते.

किलोमीटर नका मोजू, चढ मोजा. आपल्याकडे गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जायचं म्हणजे समुद्र उजव्या हाताला दिसत असतो पण रस्ता सपाट कधीच नसतो, खाली गावात उतरा, परत सड्यावर चढा, परत खाडीला उतरा, फेरीबोटीत सायकल चढवा आणि पलीकडे जयगडला उतरलात की लगेच चढ समोर उभा. एकेक चढ शंभर-सव्वाशे मीटरचा, असे दिवसात पाच-सहा आले की 50 किलोमीटरसुद्धा पुरे होतात. आता डॅन्यूबचं बघा. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर आणि व्हिएन्ना 160-170 च्या आसपास, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर जाताना नदीच्या जोडीने तुम्ही हळूहळू खालीच येता. वारासुद्धा तिकडे बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर. म्हणून मी सगळ्यांना सांगते की आपल्या सागरी महामार्गावर जो माणूस सामान लादून चार दिवस सायकल चालवू शकतो त्याला पहिल्या परदेशी टूरची भीती बाळगायचं कारणच नाही, फक्त त्याने आपल्या घरच्या रस्त्यापेक्षा सोपा रस्ता निवडावा. पहिल्याच वेळी आल्प्स वगैरे डोक्यात घेऊ नका, तिथली भाषा, तिथले नियम, तिथलं खाणं एवढं नवीन असतं की रस्त्याने तरी आपल्याला सांभाळून घ्यायला हवं.

पण "सामान लादून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आम्ही आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत गुहागर ते मालवण केलं, मुक्काम गणपतीपुळे, मग पूर्णगड, मग देवगड. आणि ठरवून सगळं सामान घेऊन केलं, म्हणजे जे कपडे, जी औषधं, जो रेनकोट तिकडे नेणार तेच. आमचे बरेच सायकलवाले मित्र रिकाम्या सायकलवर शंभर-शंभर किलोमीटर मारतात आणि त्याला तयारी म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. मागच्या चाकावर 12 किलो बसले की सायकलचा स्वभावच बदलतो, उतारावर ब्रेक उशिरा लागतो, चढावर पुढचं चाक हलकं होतं, उभं राहून पेडल मारलं तर बॅगा डावी-उजवीकडे ओढतात. आणि गोष्टी सुटतात. पूर्णगडच्या पुढे जैतापूरकडे जाताना माझ्या कॅरियरचा एक बोल्ट रस्त्याच्या हादऱ्यांनी कधी निघून पडला ते मला कळलंही नाही, बॅग स्पोकला घासायला लागली तेव्हा आवाजावरून कळलं. खाडीकाठी एक मामा जाळं विणत बसले होते, त्यांनी काही न विचारता सायकल आडवी केली आणि जाळ्याच्या निळ्या नायलॉनच्या दोरीने कॅरियर फ्रेमला असा आवळून बांधला की मालवणपर्यंत तो तसूभर हलला नाही. वर दोन हात दोरी कापून हातात दिली, "ऱ्हांदे जवळ." ती दोरी आणि चार जास्तीचे बोल्ट मी ऑस्ट्रियाला घेऊन गेले.

दुसरा प्रश्न असतो सायकल इथून न्यायची की तिकडे भाड्याने घ्यायची. पहिल्या टूरला भाड्याने घ्या. खोक्यात भरायची, टायरची हवा कमी करायची, हँडल फिरवायचं, मग विमान कंपनीचे नियम, मग तिकडे उतरल्यावर ते रिकामं खोकं कुठे ठेवायचं, हे सगळं दुसऱ्या खेपेला शिकता येतं. पासाऊला सायकल घेऊन व्हिएन्नाला परत करता येते अशी सोय असते, बुकिंग मात्र आधी करून आपली उंची कळवायची. पण दोन गोष्टी घरच्या न्या, आपली सीट आणि आपले पेडल. रोज पाच तास ज्याच्यावर बसायचं ती सीट शरीराच्या ओळखीची हवी. आणि पेडल काढायला-लावायला आधी शिकून घ्या, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट दिशेने सैल होतं, डावं मात्र घड्याळाच्या दिशेने. हे मला आमच्या सायकलवाल्या काकांनी तीनदा करून दाखवलं होतं, हातात पाना देऊन माझ्याकडून करून घेतलं होतं, आणि पासाऊच्या दुकानात मी दोन्ही पेडल बसवली तेव्हा मला काकांची फार आठवण आली.

तिकडच्या सायकलचं अजून एक लक्षात ठेवा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या हाताला, आणि भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पेडल मागे दाबलं की मागचा ब्रेक लागतो. त्यात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं. डोक्याला हे माहीत असून उपयोग नाही, अंगवळणी पडायला हवं. म्हणून आम्ही एप्रिलमध्ये शाळा सुटल्यावर मैदानावर फक्कीने रस्ते आखले, एक चौक, एक मोठं गोल सर्कल, आणि मुलांना सांगितलं की तुम्ही गाड्या. मुलं हॉर्न देत उजव्या बाजूने धावायची आणि आम्ही दोघी त्यांच्यामधून सायकल काढायचो, डावीकडे वळताना हात दाखवायचा, आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचं. चार संध्याकाळी केलं. पाचवीतली एक मुलगी दरवेळी ओरडायची, "बाई, चुकलात, तुम्ही भारतात आलात!" लिंझ शहरात शिरताना पहिला मोठा चौक आला तेव्हा माझ्या कानात तिचाच आवाज होता.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, पासाऊ जर्मनीत असलं तरी रात्री जास्त ऑस्ट्रियात म्हणून अर्ज ऑस्ट्रियाचा. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो, मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीत करून मोकळे व्हा. फी 90 युरो, शिवाय व्हिसा सेंटरचे वेगळे पैसे. विमा कमीत कमी 30,000 युरोचा लागतो, त्यात सायकलिंग धरलंय का हे पॉलिसीत स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं म्हणून रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. विमान आम्ही जातायेता व्हिएन्नाचंच घेतलं, मोठी बॅग तिथल्या हॉटेलात ठेवली, ट्रेनने साधारण अडीच तासात पासाऊला गेलो आणि सायकलवर त्याच हॉटेलात परत आलो. ही युक्ती मला फार आवडते, कारण रोज आपण आपल्या सामानाच्या जवळ जवळ येत असतो.

दिवसांची आखणी अशी होती: पासाऊहून श्लोगेन, मग लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न आणि व्हिएन्ना, रोज 35 ते 60 किलोमीटर, आणि मध्ये एक दिवस राखीव. तो राखीव दिवस लोक पहिल्यांदा कापतात, कृपा करून कापू नका. ग्राइनच्या आधी दिवसभर पावसात भिजलो होतो आणि दुसऱ्या दिवशी जावेचा गुडघा धरला. ती म्हणाली, "ताई, जाईन मी हळूहळू," पण तिचा चेहरा दिसत होता. पर्सेनबोइगच्या धरणावरून नदी ओलांडून इब्सला आलो, सायकलींची तिकिटं काढली आणि ट्रेनने मेल्क गाठलं. राखीव दिवस तिथल्या टेकडीवरच्या मोठ्या मठाच्या खालच्या गल्लीत पाय वर करून काढला. नदीच्या जवळून रेल्वे जाते हेही तो मार्ग निवडायचं एक कारण होतं, पहिल्या टूरला असं माघारी फिरायचं दार उघडं हवं.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ नावाच्या नदीखोऱ्याचा पट्टा, 2000 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा, त्यातून जाताना मला सारखी आपली आंब्याची कलमं आठवत होती. आणि आंब्यावरून सांगते, मे महिना आहे म्हणून हापूस घेऊन जाल तर तिकडे चालत नाही, प्रमाणपत्राशिवाय बहुतेक फळं नेता येत नाहीत. नारळ मात्र चालतो! दुधाचे आणि मांसाचे पदार्थही नाहीत. आम्ही भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी आणि सोलं नेली होती. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, फळं घेऊन ठेवा, आम्हाला हे माहीत होतं म्हणून निभावलं.

श्लोगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते, तिथे सायकलींसाठी छोटी होडी आहे. काठावर उभं राहून हात केला की होडीवाला येतो. सायकल चढवताना त्याने पुढचं चाक धरलं, मी मागचं उचललं, जावेने बॅगा घेतल्या, कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही कारण बोलायची गरजच नव्हती, हे काम आम्ही दोघी लहानपणापासून खाडीवर करत आलोय. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपण परक्या जागी नाही.

येत्या दिवाळीत आम्ही परत निघतोय, या वेळी वेंगुर्ल्यापर्यंत, सगळं सामान लादून. ज्यांना परदेशी जायचंय त्यांनी खुशाल यावं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला आम्ही तवसाळच्या जेटीवर असू, कॅरियरचे बोल्ट आदल्या रात्री आवळून या.