पाऊस गेला की केबिन फिल्टर बदला

केबिन फिल्टर म्हणजे एसी-ब्लोअरची हवा गाडीत येण्याआधी गाळणारी, घड्या घातलेली चौकट. सर्व्हिस बुकात त्याच्यासमोर दहा ते वीस हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा काहीसा आकडा असतो. त्यातले किलोमीटर कोकणात विसरलेले बरे. देवगड-गुहागरकडची कितीतरी वाहनं घर, बाजार आणि स्टेशन एवढंच करतात, वर्षाला पाच हजारही भरत नाहीत. पण जून ते सप्टेंबर गाडी ओल्या हवेत उभी असते, आणि फिल्टर तिथेच खराब होतो. उन्हाळ्यात घड्यांत साचलेली जांभ्याची लाल धूळ, पानांचा चुरा आणि मोहोराचा भुसा ओला झाला की त्यावर बुरा धरतो. सकाळी एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं येणारा कुबट वास बहुतेक इथूनच येतो, नाहीतर फिल्टरमागच्या कूलिंग कॉइलवरून.

म्हणून वर्षाला एकच फिल्टर बदलणार असाल तर तो परतीचा पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान बदला. नाहीतरी दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच. मे अखेरीला तोच फिल्टर बाहेर काढून, पालथा धरून हलकेच आपटा; तेवढ्यावर पावसाळा निघतो. मुंबई-गोवा महामार्गावर जिथे काम चालू आहे त्या पट्ट्यातून किंवा चिरेखाणीच्या रस्त्याने रोजची ये-जा असेल, तर मात्र मे महिन्यातही नवाच टाका.

फिल्टर तुंबल्याची खूण अशी: ब्लोअर चारवर घोंगावतो, पण तोंडावर वारा येत नाही. पावसात काचेवरची वाफ लवकर जात नाही. लांबच्या प्रवासात सुरुवातीला गार लागतं आणि तासाभराने वारा मंदावतो, कारण पुरेशी हवा न मिळाल्याने कॉइलवर बर्फ धरतो. अशा वेळी गॅस भरायचा सल्ला पहिला मिळतो. त्याआधी फिल्टर काढून ठेवा आणि एक मिनिट ब्लोअर चारवर चालवा. वारा एकदम वाढला तर दोष फिल्टरचा. तसाच राहिला तर कॉइल मळली आहे किंवा ब्लोअरचंच काही बिघडलं आहे, मग गॅरेज गाठा. दुर्लक्ष केलं तर आणखी एक खर्च होतो: वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड राहतो. वारा कमी पडला की तो तापून जळतो, आणि ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालू लागतो.

बदलायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. किल्ली बंद करून बॉक्स रिकामा करा. बाजूला दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असेल तर आधी तो सोडवा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की बॉक्स पूर्ण खाली झुकतो. काही गाड्यांत दाबायच्या ऐवजी आतले दोन खुंटे फिरवून काढावे लागतात. मागे पट्टीसारखं एक झाकण दिसेल, त्याच्या क्लिपा दाबून ते काढा. क्लिपा जुन्या प्लास्टिकच्या असतात, ओढाओढ केली तर तुटतात.

फिल्टर ओढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. बाण कुठे आहे ते त्यात राहतं. मग फिल्टर आडवाच ठेवून सावकाश सरळ बाहेर घ्या. कित्येक गाड्यांत ब्लोअरचा पंखा बरोबर खाली असतो. फिल्टर तिरका झाला की वरची पानं थेट पंख्यात पडतात आणि नंतर खरखर ऐकू येते. खाच सुक्या फडक्याने पुसा, टॉर्च मारून आत पाहा.

बाणाबाबत गल्लत फार होते. ‘एअर फ्लो’चा बाण हवा जिकडे जाते ती दिशा दाखवतो, आणि हवा खाली जात असेल तर तो खालीच हवा. ‘अप’ लिहिलेला बाण मात्र वर. दोन्ही सारखेच समजून बसवलं तर फिल्टर उलटा लागतो, आणि धूळ जाड थराऐवजी बारीक थरावर बसून तो लवकर तुंबतो.

कागदी किंवा कापडी फिल्टर धुऊ नका. बारीक धूळ धरण्याची ताकद पाण्याने जाते आणि इथल्या हवेत तो नीट सुकतही नाही. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली तर तंतू फाटतात. वरून स्वच्छ दिसतो, एवढंच.

नवा घेताना जुन्याच्या चौकटीवरचा पार्ट नंबर जुळवा. चौकट दोन-तीन मिलीमीटर लहान पडली तरी हवा फटीतून जाते. काही स्वस्त व्हेरियंटमध्ये फिल्टरच नसतो, खाच मात्र असते. तिथे विकत घेऊन बसवता येतो. कार्बनचा थोडा महाग पडतो. पण पावसाआधीच्या भाजावळीचा धूर आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास रोजच्या वाटेवर असेल, तर तोच घ्या. साध्या फिल्टरने वास अडत नाही.

खरी निगा बाहेर आहे. वायपरखालच्या जाळीत फणसाची, आंब्याची पानं साचली की पाण्याची वाट तुंबते, आणि पागोळीसारखं पाणी ब्लोअरकडे उतरतं. पावसात आठवड्याला हाताने पानं काढा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका. तुडतुड्यांचा चिकट रस पडून सगळं तिथे चिकटतं.

उंदीर हा वेगळाच विषय. भातकापणीनंतर ते घराकडे येतात, आणि गाडीच्या फिल्टरवर पेंढ्याचं घरटं मिळणं नवल नाही. लेंड्या दिसल्या तर सुकं झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून, जंतुनाशकाने ओलं करून पुसा. लेप्टोचा ताप सिंधुदुर्गात सगळ्यांच्या ऐकण्यातला आहे. हवा आत येते त्या तोंडावर 5 मिलीमीटर भोकांची स्टीलची जाळी लावता येते. लोखंडी लावू नका, समुद्राच्या हवेत ती दोन पावसांत गंजते.