रक्तात दमा दिसतो का?

‘सारखा खोकला, रात्री छातीत घरघर. एकदा रक्त तपासून दमा आहे की नाही ते सांगून टाका ना.’ घोडबंदर रोडपासून ऐरोलीपर्यंत लहान मुलांचे आईबाबा हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसत्या रक्तावर दमा ठरत नाही. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. हा चढउतार श्वासातच मोजावा लागतो. रक्तात दिसते ती अॅलर्जीची प्रवृत्ती. मुलांमधला बराचसा दमा अॅलर्जीशी जोडलेला असतो म्हणून ती तपासायची, पण तिचा नंबर नंतरचा. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ५ ते १६ वयासाठी हा क्रम आखून दिला आहे. लक्षणं दम्यासारखी असतील तर आधी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायचा. तो ३५ पीपीबी (अब्ज भागांत ३५) किंवा जास्त आला तर दमा धरायचा. नाही तर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून केलेली श्वासाची तपासणी. श्वासनलिका मोकळ्या करणारं सॅल्ब्युटामॉल दिल्यावर पहिल्या सेकंदाची फुंकर १२ टक्के किंवा जास्त सुधारली, तर दमा. तेही जमण्यासारखं नसेल तर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकरीचा जोर मोजणारं पीक फ्लो मीटर फुंकायचं. सकाळी १८०, संध्याकाळी २३० आले तर फरक ५०, सरासरी २०५, म्हणजे चढउतार सुमारे २४ टक्के. या चढउताराची दोन आठवड्यांची सरासरी २० टक्के किंवा त्यावर गेली तर दम्याच्या बाजूने कौल. एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याची त्वचाचाचणी किंवा रक्तातलं एकूण आयजीई (अॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी).

या शेवटच्या पायरीचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. माइटची अॅलर्जी दिसली नाही किंवा आयजीई वाढलेलं नसलं, तर दमा नसण्याकडे कल. आयजीई वाढलेलं आणि इओसिनोफिल मायक्रोलिटरला ५०० पेक्षा जास्त असले, तर दमा धरतात.

आता रिपोर्ट वाचताना टक्क्यांकडे पाहून घाबरू नका. पांढऱ्या पेशी ५,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे ४००. पेशी १२,००० आणि ५ टक्के, म्हणजे ६००. टक्का कमी, पण आकडा मोठा. म्हणून एईसी, म्हणजे प्रत्यक्ष संख्या मागा. ती छापलेली नसेल तर एकूण पेशींना टक्क्याने गुणून शंभराने भागा. ‘त्याला इओसिनोफिलिया आहे’ हे आपल्याकडे आजाराचं नाव असल्यासारखं सांगतात. ते फक्त मोजमाप आहे, कारण वेगळं शोधावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रक्त कधी काढलं यात. मूल धापा टाकत आलं, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं सिरप सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं, की इओसिनोफिल जवळजवळ शून्य दिसू शकतात. स्टेरॉइड पोटात गेल्यावर काही तासांतच ते रक्तातून कमी होतात. जोराच्या तापातही खाली जातात. मग ‘रिपोर्ट नॉर्मल, दमा नाही’ असा चुकीचा दिलासा मिळतो. सिरप थांबून किमान दोन आठवडे, शक्य तर चार आठवडे झाल्यावर, मूल बरं असताना रक्त द्या. दिवसभरातही आकडा बदलतो. सकाळी कमी, रात्री जास्त. म्हणून दुसऱ्यांदा तपासायचं तर त्याच सुमाराला.

उलट चूक जंतांमुळे होते. इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही वाढवायला पोटातले जंत पुरेसे आहेत. शिवाय गोल जंतांच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करतात, तेव्हा खोकला आणि घरघरही होते. अंडी शौचात दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून त्या काळात शौचतपासणी स्वच्छ येते. शाळेत १० फेब्रुवारी किंवा १० ऑगस्टला अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी दिली होती का, ते डॉक्टरांना सांगा. गोळी दिली असेल तर महिना-दीड महिन्याने पुन्हा मोजणं योग्य. इओसिनोफिलचा आकडा ३,००० च्या वर, खोकला रात्रीचा, आयजीईही प्रचंड असलं तर फायलेरियामुळे (हत्तीरोगाच्या जंतांमुळे) होणारा फुप्फुसाचा आजार आठवावा लागतो. त्याचं औषध वेगळं, नेब्युलायझरने तो जात नाही. एक्झिमाने अंग खाजणाऱ्या मुलांचं आयजीई तर दमा नसतानाही खूप वर जातं.

मोठी ‘अॅलर्जी पॅनेल’ मला उधळपट्टी वाटते. पन्नास-साठ पदार्थांची यादी आली की घरात दूध, अंडं, भात सगळं बंद होतं. एखाद्या पदार्थाचं आयजीई ०.३५ च्या वर असणं म्हणजे त्याने त्रास होतोच असं नाही. समुद्रालगतच्या दमट हवेत माइट, झुरळ, भिंतीवरची बुरशी आणि घरात मांजर-कुत्रा असेल तर तो, एवढं पाहिलं की पुष्कळ. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाचे खाद्यपदार्थांचे पॅनेल तर घेऊच नका, त्यांचा दम्याशी संबंध नाही. त्वचाचाचणीआधी सेट्रिझिन हे अॅलर्जीचं औषध सात दिवस बंद ठेवावं लागतं, रक्तातल्या आयजीईसाठी तशी गरज नाही.

रक्त काढायला उपाशी ठेवू नका. सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) जांभळ्या टोपीची ट्यूब, आयजीईसाठी लाल किंवा पिवळी. दोन्हींना मिळून तीन-चार मिलिलिटर. सुई फार घाबरवत असेल तर बधिर करणारं मलम तासभर आधी लावून वर चिकटपट्टी. जांभळी ट्यूब लगेच हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी केली नाही तर गुठळी होते आणि मोजणी चुकते. होम कलेक्शन घेणार असाल तर सकाळी बोलवा. दुपारच्या उन्हात बाइकच्या डिकीत फिरलेल्या नमुन्यातल्या पेशी बिघडतात. आकडा विचित्र वाटला तर काचेवर पेशी पाहून मोजायला सांगा.

पाच वर्षांखाली फुंकर मारणंच जमत नाही. तिथे लक्षणं, आईबाबांपैकी कुणाला दमा, मुलाला एक्झिमा, आणि इन्हेलरच्या पंपाने फरक पडतो का, यावर डॉक्टर ठरवतात. इओसिनोफिल ४ टक्के किंवा जास्त असणं ही त्यात फक्त एक दुय्यम खूण.

आणि रोजचा पंप चालू असेल तर रक्त तपासायचं म्हणून तो बंद करू नका. पंपाने आकडा थोडाफारच खाली येतो. फॉर्मवर पंपाचं नाव, डोस आणि शेवटचं सिरप कधी दिलं ती तारीख लिहा.